डेंटल क्लिनिकचं बुकिंग सॉफ्टवेअर: स्टाफच्या वेळा आणि रजांच्या प्रकल्प नोंदी, एप्रिल ते सप्टेंबर २०२४

३ एप्रिल २०२४, बुधवार

आजपासून काम सुरू. क्लायंट म्हणजे पुण्यातलं दातांचं क्लिनिक, तीन शाखा, कोथरूड, सिंहगड रोड आणि चिंचवड. त्यांना हवंय असं की पेशंटने मोबाईलवरून स्वतःच अपॉइंटमेंट घ्यावी, रात्री अकराला दाढ ठणकायला लागली तरी उद्या सकाळी कधी जागा आहे ते दिसावं, आणि रिसेप्शनला दिवसभर फोन उचलत बसायला लागू नये. मोठ्या मॅडमनी जो कागद दिलाय त्यात स्टाफ या मथळ्याखाली फक्त डॉक्टर आहेत, कोण कुठल्या वारी कुठल्या शाखेत, किती ते किती, एवढा एक तक्ता.

वेळा पुण्यातल्या बऱ्याच क्लिनिकसारख्याच, सकाळी १० ते १:३०, संध्याकाळी ५ ते ९, रविवार बंद. बऱ्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये दिवसाला एक सुरुवात आणि एक शेवट असतो आणि मधला वेळ ब्रेक म्हणून टाकायचा असतो. मला ते इथे नकोय. दुपारी डॉक्टर आराम करत नसतात, कोणी दुसऱ्या क्लिनिकला जातं, कोणी कॉलेजात शिकवतं, कोणी मुलांना शाळेतून आणतं. ते दोन वेगळे सेशन आहेत आणि एक रद्द झालं म्हणून दुसरं रद्द होता कामा नये. म्हणून एका दिवसाला कितीही सेशन ठेवता येतील असंच टेबल करणार.

कोथरूडच्या रिसेप्शनला काकू आहेत, शाखा उघडली तेव्हापासून त्याच. त्यांची डायरी बघितली, सगळं पेन्सिलने. फोटो काढून घेतले, पुन्हा पुन्हा बघायला लागणार आहे हे दिसतंय.

८ एप्रिल, सोमवार

उद्या पाडवा, त्यामुळे आज अर्धाच दिवस काम पण मुख्य गोष्ट ठरली. स्लॉट डेटाबेसमध्ये आधीपासून बनवून ठेवायचे नाहीत.

मोह होतोच, की पुढच्या तीन महिन्यांचे पंधरा पंधरा मिनिटांचे स्लॉट एकदाच बनवून टाकावेत आणि पेशंटने घेतला की त्याच्यावर खूण करावी, क्वेरी पण सोपी होते. पण डॉक्टरांनी जूनपासून वेळ बदलली की आधी बनवलेले हजारो स्लॉट शोधून पुसायचे, त्यातले काही बुक झालेले, काही अर्धवट, आणि मग कुठला स्लॉट कुठल्या नियमातून आला तेच कळत नाही. त्यापेक्षा नियम साठवायचे आणि स्लॉट विचारल्यावर मोजायचे. तळाशी आठवड्याचा नेहमीचा पॅटर्न, त्यालाही कधीपासून कधीपर्यंत लागू ती तारीख. त्यावर एखाद्या दिवसापुरता बदल, म्हणजे आज ५ ऐवजी ६ ला येणार वगैरे. त्यावर रजा. त्यावर शाखेची सुट्टी. आणि सगळ्यात वर बुकिंग. वरचा थर खालच्यातून वेळ कापतो, फक्त एक दिवसाचा बदल तेवढा वेळ वाढवू पण शकतो.

पॅटर्न बदलला की जुना पुसायचा नाही, त्याला शेवटची तारीख लावायची आणि नवा जोडायचा. मागच्या महिन्यात कोण किती तास होतं हे विचारणारं कोणीतरी येतंच, पगाराच्या वेळी तर नक्की.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज फक्त व्हिजिटिंग कन्सल्टंट. दातांच्या क्लिनिकमध्ये हा प्रकार खूप असतो, ब्रेसेसवाले ऑर्थोचे सर रोज नसतात, अक्कलदाढेच्या सर्जरीला वेगळे सर, लहान मुलांच्या डॉक्टर वेगळ्या. ऑर्थोचे सर कोथरूडला उद्या येणार आहेत, दुसरा शनिवार. मॅडमच्या तक्त्यात लिहिलंय "अल्टरनेट सॅटर्डे", आणि काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं दुसरा आणि चौथा, बँकेला सुट्टी असते ना तो."

या दोन्ही गोष्टी एक नाहीत. एक सोडून एक शनिवार धरला तर १३ आणि २७ एप्रिल, ११ आणि २५ मे, ८ आणि २२ जून, इथपर्यंत दुसरा-चौथाच येतो. पण जूनमध्ये शनिवार पाच आहेत, त्यामुळे पुढचा येतो ६ जुलै, तो पहिला शनिवार, आणि सर त्या दिवशी दुसऱ्याच गावातल्या क्लिनिकला. तीन महिने सगळं बरोबर चालून मग चौथ्या महिन्यात ब्रेसेसची मुलं आईवडिलांसोबत येऊन बसणार आणि डॉक्टरच नाहीत. आयकॅलेंडरच्या स्टँडर्डमध्ये, आरएफसी ५५४५ मध्ये, दोन्हीसाठी वेगळं लिहिता येतं, दर आठवड्याचा नियम आणि इंटरव्हल दोन हे एक, आणि महिन्याचा नियम देऊन दुसरा शनिवार, चौथा शनिवार हे दुसरं. स्वतःचं काही शोधण्यापेक्षा तोच आरआरूल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांचा लिखित नियम, साठवतोय, त्याची लायब्ररी सगळ्या भाषांत मिळते.

पण स्क्रीनवर आरआरूल दाखवायचा नाही. स्क्रीनवर "दर महिन्याचा दुसरा, चौथा शनिवार" असं मराठीत निवडता येईल आणि त्याखाली लगेच पुढच्या सहा तारखा लिहून येतील. माणूस नियम वाचून फसतो पण तारखा वाचून "अहो २० ला मी नाहीये" असं लगेच सांगतो.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज पूर्ण दिवस सिंहगड रोडच्या शाखेत रिसेप्शनला बसून काढला आणि या प्रकल्पाचा खरा विषय काय आहे ते आज कळलं.

साडेअकराची गोष्ट. डॉक्टर मोकळ्या, दोन नंबरची चेअर मोकळी, बाहेर पेशंट बसलेला आणि तरी त्याला आत घेत नाहीत. रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाल्या असिस्टंट नाहीये, एक आज उशिरा येणार आहे आणि दुसरी आत आरसीटीला, म्हणजे रूट कॅनलला, आहे. रूट कॅनलला डॉक्टरच्या शेजारी असिस्टंट लागतेच, सक्शन धरायचं, इन्स्ट्रुमेंट हातात द्यायचं, पेशंटचा गाल बाजूला ठेवायचा, याला ते फोर हँडेड म्हणतात, चार हातांनी काम. एकट्या डॉक्टरने करायचं म्हटलं तर वेळ खूप लागतो आणि पेशंटला त्रास. नुसतं तपासायचं असेल तर असिस्टंट नसली तरी चालतं. स्केलिंगला, म्हणजे दात साफ करायला, असली तर बरं. सर्जरीला दोन लागतात.

म्हणजे या शाखेत एका वेळी किती पेशंट होऊ शकतात हे डॉक्टरांवर नाही, असिस्टंट किती आहेत त्यावर ठरतं. आणि असिस्टंटचं नाव आपल्या सिस्टिममध्ये कुठेच नाही. डॉक्टरांच्या वेळा तक्त्यात आहेत, भिंतीवर आहेत, वेबसाइटवर आहेत. असिस्टंटच्या वेळा फक्त काकूंच्या डोक्यात आणि डायरीतल्या पेन्सिलीच्या टिंबात आहेत. ते टिंब मी पहिल्या दिवशी फोटोत बघितलं होतं, आज विचारलं, तर ज्या दिवशी असिस्टंट कमी असते त्या दिवशी तारखेखाली टिंब देतात आणि आरसीटी घेत नाहीत.

संध्याकाळी मॅडमना फोन केला आणि सांगितलं की स्टाफमध्ये असिस्टंट आणि मावशी दोघी घ्यायला पाहिजेत, पेशंटला त्या दिसणार नाहीत पण स्लॉट मोजताना धरल्या जातील. काम वाढेल हे पण सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या घ्या, रोज सकाळी माझं पहिलं काम कोण आलंय बघणं हेच असतं.

३० एप्रिल, मंगळवार

मतदानाचा प्रश्न काकूंनी काढला, मला सुचला नसता. कोथरूड पुणे लोकसभेत, तिथे मतदान १३ मे ला. चिंचवड मावळमध्ये, तिथेही १३ ला. म्हणून मॅडमनी १३ तारीख तिन्ही शाखांना सुट्टी टाकायला सांगितली होती. पण सिंहगड रोडच्या असिस्टंट राहतात धायरी, नऱ्हे भागात, तो खडकवासला विधानसभा मतदारसंघ, आणि खडकवासला येतो बारामती लोकसभेत. त्यांचं मतदान ७ मे ला. एकीचं नाव अजून साताऱ्याकडच्या गावात आहे, तिचंही ७ लाच, आणि ती आदल्या रात्री एसटीने जाणार.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ ब मध्ये आहे, मॅडम त्याबद्दल ठाम आहेत, अडचण सॉफ्टवेअरची होती कारण आपण सुट्टी शाखेला लावत होतो. आता सुट्टी शाखेला पण लागते आणि व्यक्तीला पण, आणि सुट्टीला प्रकार आहे, सार्वजनिक, मतदान, स्वतःची रजा. मतदानाची सुट्टी रजेतून वजा होत नाही.

७ तारखेला सिंहगड रोडला डॉक्टर असणार, चेअर असणार, असिस्टंट शून्य. जुन्या तक्त्याने तो दिवस पूर्ण उघडा दाखवला असता. नव्या हिशोबात आज टेस्टवर बघितलं तर त्या दिवशी फक्त कन्सल्टेशनचे स्लॉट दिसतात, आरसीटी निवडली तर ८ तारीख दाखवतो. हे बघून खूप बरं वाटलं.

८ मे, बुधवार

काल काकूंनी डायरी आणि टेस्ट सिस्टिम दोन्ही शेजारी ठेवून दिवस चालवला. जुळलं.

२२ मे, बुधवार

डेटाबेस. हे सविस्तर लिहून ठेवते कारण पुढे जो कोणी हा कोड उघडेल त्याला लागेल.

एक बुकिंग तीन गोष्टी अडवतं, डॉक्टर, चेअर, असिस्टंट. तिघांची अडकण्याची वेळ सारखी नसते. आरसीटी १० ते ११ असेल तर डॉक्टर १० ते ११. चेअर १० ते ११:१०, कारण नंतर पुसणं, कव्हर बदलणं, सक्शनची नळी धुणं. असिस्टंट ९:५५ ते ११:१०, कारण ट्रे आधी लावायचा असतो आणि मागचं आवरायचं तिलाच असतं. बहुतेक ठिकाणी सर्व्हिसला एकच बफर, म्हणजे राखीव जादा वेळ, देतात आणि तो डॉक्टरच्या कॅलेंडरला लागतो, म्हणजे डॉक्टर विनाकारण दहा मिनिटं अडकतात आणि ज्या खरंच काम करत असतात त्यांची वेळ कुठे मोजलीच जात नाही. आपण या तिघांना साधन म्हटलं आणि प्रत्येक साधनाची वेगळी वेळ ठेवली. बुकिंगचं एक टेबल, आणि त्याखाली कुठलं साधन किती ते किती, अशा तीन ओळी.

एकाच वेळी दोन पेशंटनी तोच स्लॉट दाबला तर काय, याचं उत्तर कोडमध्ये शोधायचं नाही, पोस्टग्रेसकडे, म्हणजे आपल्या डेटाबेसकडे, द्यायचं. पोस्टग्रेसमध्ये रेंज टाइप आहेत, वेळेचा एक तुकडा एकाच कॉलममध्ये ठेवता येतो, आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला की एकाच साधनाच्या दोन ओळींची वेळ एकमेकांवर चढू शकत नाही. साधनाचा आयडी बरोबरीने आणि रेंज ओव्हरलॅपने तपासायची असल्यामुळे बीट्री जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. रद्द झालेली बुकिंग या अटीतून वगळली आहेत. तिन्ही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, एक जरी आपटली तरी २३पी०१ हा एरर येतो, पूर्ण बुकिंग मागे फिरतं आणि पेशंटला "ही वेळ आत्ताच गेली" असं सांगून जवळचे दोन स्लॉट दाखवतो.

रेंज नेहमी सुरुवात धरून आणि शेवट सोडून, म्हणजे १० ते ११ आणि ११ ते १२ हे चिकटून बसतात, भांडत नाहीत.

मोकळा वेळ काढायला मल्टीरेंज, म्हणजे वेळेचे अनेक तुकडे एकत्र ठेवणारा टाइप, वापरलंय, ते पोस्टग्रेस १४ पासून आहे. एका माणसाच्या दिवसभराच्या ड्युटीचे तुकडे एकत्र करायचे, त्यातून रजेचे तुकडे वजा, बुकिंगचे तुकडे वजा, उरेल तो मोकळा वेळ. मग डॉक्टर, चेअर आणि असिस्टंट यांच्या मोकळ्या वेळा एकमेकांत छेदायच्या. आधी हेच मी लूप लावून करत होते, दीडशे ओळी होत्या, आता क्वेरी एका स्क्रीनवर मावते आणि वाचून कळते.

असिस्टंटच्या बाबतीत एक वेगळं आहे. पेशंटला अमुकच डॉक्टर हवी असते पण असिस्टंट कुठलीही चालते. म्हणून बुकिंग करताना मोकळी असेल ती तात्पुरती लावतो आणि सकाळी काकू हवी तशी अदलाबदल करतात. दोघींची वेळ बसत असेल तर एका टॅपमध्ये अदलाबदल होते. हा टॅप त्यांनी स्वतः मागून घेतलाय, कारण कुणाला कुठल्या डॉक्टरबरोबर चांगलं जमतं हे त्यांना माहीत आहे आणि सिस्टिमला ते कळायची गरज नाही.

अजून एक, डायरीतून घेतलेलं. साडेदहाला पंधरा मिनिटांचं तपासणं टाकलं की सकाळच्या सेशनमध्ये एक तासाच्या तीन आरसीटी बसायच्या तिथे दोनच बसतात. काकू तपासण्या नेहमी अगदी सुरुवातीला किंवा एक वाजल्यानंतर देतात, मधे द्यायच्याच झाल्या तर आधीच्या बुकिंगला चिकटवून देतात. तोच नियम ऑनलाइनला लावला.

५ जून, बुधवार

असिस्टंटच्या ड्युट्या पहिल्यांदाच कुठेतरी लिहिल्या गेल्या आणि लगेच दिसलं की एक असिस्टंट सकाळी ९:३० ला शाखा उघडते आणि रात्री ९ ला बंद करते. मधे दुपारी सुट्टी असते पण ती राहते लांब, घरी जाऊन परत येणं परवडत नाही, म्हणून क्लिनिकमध्येच बसते. कागदावर साडेसात-आठ तास काम, पण घराबाहेर बारा तास.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि कामाचा पसारा, म्हणजे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, साडेदहा तास अशी २०२४ मधली मर्यादा आहे. कायदा २०२४ मध्ये १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे, या तीन शाखा मिळून कशा मोजायच्या ते त्यांचे सीए बघतील. मी मॅडमना एवढंच म्हटलं की लागू असो नसो, या मर्यादा आपण सिस्टिममध्ये टाकू. रोस्टर बनवताना साडेदहाच्या वर गेलं की त्या माणसाच्या नावापुढे लाल आकडा येतो.

अडवत मात्र नाही. एखाद्या दिवशी सर्जरी लांबते, कुणीतरी थांबतंच, तिथे सॉफ्टवेअरने दार लावून उपयोग नाही. पण ते थांबणं नोंदलं जातं आणि महिन्याच्या शेवटी ज्याला पगार काढायचाय त्याच्यासमोर येतं. मॅडमनी दोन दिवसांत ड्युट्या बदलल्या, उघडणारी एक आणि बंद करणारी दुसरी.

२० जून, गुरुवार

सिंहगड रोडच्या मावशी वारीला जाणार आहेत, २७ जून ते १९ जुलै. आषाढी १७ जुलैला आहे. दरवर्षी जातात. मावशींच्या रजेने स्लॉट कमी व्हायला नको असं वाटत होतं, पण ऑटोक्लेव्ह, म्हणजे इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करायचं मशीन, त्या बघतात. इन्स्ट्रुमेंट धुवून, पॅक करून, १२१ अंशाला १५ मिनिटं, वर गरम व्हायला आणि वाळायला लागणारा वेळ वेगळा, असं दिवसभर चालू असतं. त्या नसल्या की ते काम असिस्टंटकडे जातं, म्हणजे असिस्टंटचा दर दोन तासांनी थोडा वेळ जातो. तेवढा वेळ त्या दिवसांत "आतलं काम" म्हणून अडवून ठेवला.

या निमित्ताने मोठा प्रश्न सोडवला, रजा टाकली पण त्या वेळेत आधीच बुकिंग असेल तर काय करायचं. तीन पर्याय होते. रजा टाकूच द्यायची नाही, हे मला मान्य नाही, कारण माणूस आजारी पडला तर तो आजारी आहेच, फॉर्मने लाल पट्टी दाखवून तो बरा होत नाही. दुसरं, बुकिंग आपोआप रद्द करून पेशंटला मेसेज पाठवायचा, हेही नको, आरसीटीची दुसरी सिटिंग असलेला पेशंट तात्पुरतं फिलिंग घेऊन फिरत असतो, त्याला यंत्राने "आपली अपॉइंटमेंट रद्द" असं कळवणं बरोबर नाही. म्हणून रजा लगेच लागते, नवीन बुकिंग लगेच थांबतं, आणि आधीची बुकिंग एका यादीत येतात, कुणाला दुसरी असिस्टंट देता येते ते सिस्टिम स्वतः लावून टाकते, उरलेल्यांना काकू फोन करतात. यादीत वर कोण, तर ज्यांचं काम अर्धवट आहे ते.

रजेला कारण लिहायचा रकाना होता, तो काढून टाकला. रजा कुठल्या प्रकारची एवढंच. कारण मॅडमना तोंडी सांगायचं असेल तर सांगतील. पोट दुखतंय का घरी काही झालंय हे एका टेबलमध्ये कायमचं साठवून ठेवायचं कशाला, आणि ते टेबल उद्या कोण उघडेल ते कुणाला माहीत.

९ जुलै, मंगळवार

१ तारखेपासून सिंहगड रोड लाइव्ह आहे. छोट्या छोट्या गोष्टी येतायत.

न्यू जर्सीतून मुलगा आईसाठी बुकिंग करत होता, त्याला वेळ त्याच्या तिकडच्या घड्याळाने दिसली. फ्रंटएंडने, म्हणजे पेशंटला दिसणाऱ्या स्क्रीनच्या कोडने, ब्राउझरचा टाइमझोन घेतला होता. व्हिडिओ कॉल असता तर ते बरोबर होतं, पण दात दाखवायला माणूस सिंहगड रोडलाच येणार, त्यामुळे वेळ नेहमी एशिया कोलकाताचीच दाखवायची आणि खाली "पुण्यातली वेळ" असं लिहायचं. पुण्यात एकटे आईवडील आणि परदेशातून बुकिंग करणारी मुलं हे इथे भरपूर आहे, म्हणून बुकिंग करणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा नंबर वेगळा ठेवला, आठवण आईला जाते, तिला मराठीत.

एसएमएसचे टेम्प्लेट डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज पाठवण्याआधी मजकूर नोंदवायच्या सिस्टिमवर, रजिस्टर करून झाले.

असिस्टंटसाठी लॉगिन, पासवर्ड असलं काही ठेवलं नाही. रोज सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना त्यांचा दिवस येतो आणि खाली दोन बटणं, "येतेय" आणि "आज जमणार नाही". एकीने सांगितलं, "ताई, आधी ग्रुपवर लिहायला लागायचं, सगळ्यांसमोर, मग कारणं विचारायचे." आता तिने दाबलं की फक्त काकूंना दिसतं.

२६ जुलै, शुक्रवार

काल, २५ तारखेला, सिंहगड रोडला पाणी शिरलं. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं, एकतानगरी भागात सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी, लष्कराला बोलवावं लागलं. शाळांना सुट्टी दिली होती. आपली शाखा पहिल्या मजल्यावर म्हणून वाचली पण लाइट नव्हती.

सकाळी सातच्या आधीच काकूंनी घरून मोबाईलवरून "शाखा आज बंद" दाबलं. ऑनलाइन बुकिंग त्याच मिनिटाला थांबलं, दिवसभराच्या पेशंटची यादी फोन नंबरासकट त्यांच्यासमोर आली, आणि दोन तीव्र दुखणारे पेशंट कोथरूडला वळवले. इथपर्यंत जसं ठरवलं होतं तसं झालं.

पण एक गोष्ट खटकली आणि ती महत्त्वाची आहे. शाखा बंद झाल्यावर सिंहगड रोडच्या असिस्टंट कोथरूडसाठी मोकळ्या आहेत असं सिस्टिमने धरलं आणि कोथरूडला आरसीटीचे स्लॉट वाढवले. त्या दोघींपैकी एकीच्या सोसायटीत पाणी होतं आणि दुसरीचा फोन बंद होता. दोघींनी "जमणार नाही" दाबलं नव्हतं म्हणून त्या हजर धरल्या गेल्या. काकूंच्या लक्षात आलं, त्यांनी हाताने ते स्लॉट बंद केले. दुपारी दोघींशी बोलणं झालं, दोघी आणि घरचे सुखरूप आहेत.

माणसाने उत्तर दिलं नाही म्हणजे तो येतोय असं नसतं. सिस्टिममध्ये हो आणि नाही या दोनच अवस्था होत्या. तिसरी लागणार, "माहीत नाही".

३१ जुलै, बुधवार

तिसरी अवस्था आली. नेहमीच्या दिवशी जुनंच चालतं, उत्तर नाही आलं तरी ड्युटी धरली जाते, कारण रोज बटण दाबायची सक्ती मला करायची नाही. पण ज्या दिवशी एखादी शाखा अचानक बंद होते, त्या दिवशी त्या शाखेचे सगळेजण "माहीत नाही" मध्ये जातात आणि स्वतः "येतेय" दाबेपर्यंत किंवा काकू फोनवर बोलून नोंद करेपर्यंत त्यांच्या नावावर एकही स्लॉट उघडत नाही. दुसऱ्या शाखेत जायला सांगायचं असेल तर तेही विचारून, आपोआप नाही. नऱ्ह्याहून कोथरूडला जायचं म्हणजे पावसात काय होतं ते सिस्टिमला कळत नाही, जिला जायचंय तिला कळतं.

दुसरं, शाखा बंद असेल तर त्या दिवसाची रजा कुणाचीच कापायची नाही. आधी कोडमध्ये गैरहजर म्हणजे रजा एवढंच होतं, २५ तारखेची रजा दोघींच्या खात्यातून गेलेली दिसली, ती परत केली. मॅडमना विचारायला गेले तर त्यांनी वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही, लगेच हो म्हणाल्या.

या आठवड्यात कोथरूडही लाइव्ह झालं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी. त्या दिवशी सगळं बंद, तो प्रश्न नाही. प्रश्न गौरींचा आहे. आवाहन १० ला, पूजन ११ ला, आणि बहुतेक सगळ्या असिस्टंट बायका, प्रत्येकीला घरी तेच दोन दिवस हवेत. आठ दिवसांपूर्वीपासून अर्ज यायला लागले.

फ्रंटएंडवाल्या मित्राचं म्हणणं होतं की किमान दोन असिस्टंट हव्यात असा नियम लावू, आधी अर्ज करेल तिला रजा, नंतरच्यांना नाही. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, एका दिवसात होईल. पण पहिला अर्ज कोण करणार, जिच्याकडे चांगला फोन आहे आणि जी सकाळी मोकळी असते ती. जिची सासू आजारी आहे तिचा अर्ज रात्री येणार. रजेचा न्याय घड्याळाने करू नये असं मला मनापासून वाटतं आणि मी त्यावर अडून बसले.

मग असं केलं. सणाच्या आठवड्यासाठी अर्ज घ्यायचे पण लगेच मंजूर-नामंजूर काही नाही. एका तारखेपर्यंत सगळ्यांचे अर्ज, आणि मग एकच तक्ता सगळ्यांना दिसतो, कुठल्या दिवशी किती जणी लागतात, किती जणींनी मागितलीय, आणि मागच्या सणांना कोण थांबलं होतं. मागच्या सणांची नोंद नव्हती, ती काकूंनी आठवून सांगितली आणि असिस्टंटनी दोन ठिकाणी दुरुस्त केली. बाकी त्या आपापसात बोलून ठरवतील.

३ सप्टेंबर, मंगळवार

ठरलं, काल संध्याकाळी, त्यांच्यातच. कोथरूडच्या एकीकडे गौरी नसतात, ती १० आणि ११ दोन्ही दिवस थांबते म्हणाली, पण तिला विसर्जनाचा १७ सप्टेंबर पूर्ण दिवस हवाय, तिचा भाऊ ढोल पथकात आहे. एक जण १० ला आवाहन सकाळी उरकून संध्याकाळी येईल. ११ ला सिंहगड रोडला कुणीच नाही, तिथे सकाळी फक्त कन्सल्टेशन आणि संध्याकाळी बंद. मॅडमनी बघितलं आणि आहे तसं मंजूर केलं. सिस्टिममध्ये टाकल्यावर त्या दिवसांचे आरसीटीचे स्लॉट आपोआप १२ तारखेनंतर सरकले, तीन जुनी बुकिंग यादीत आली, तिघांशी काकू बोलल्या, तिघांनाही गौरी असल्यामुळे तारीख बदलूनच हवी होती.

१७ ला पेठांमधले रस्ते बंद असणार, त्या दिवशी कोथरूड दुपारी दीडपर्यंतच.

चिंचवड विसर्जन झाल्यावर, १८ तारखेला लाइव्ह. तिथे एक असिस्टंट आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या डॉक्टरांकडे काम करते, त्या क्लिनिकच्या वेळा आपल्याला कळणार नाहीत, तिने स्वतःच आपले मोकळे दिवस टाकायचे. तिच्याशी शुक्रवारी बोलायचंय, दुपारी तीननंतर, ती तेव्हा मोकळी असते.